धारित्राच्या कडेचा हिशेब

उन्हाळ्याच्या अखेरीस उकाड्याने जीव कासावीस झालेला असावा आणि नेमका त्याच वेळी छताचा पंखा रेंगाळू लागावा, हा अनुभव आमच्या खटकचिंचोळीतील कोणत्याही घरास नवा नाही. वायरमन येतो, पंख्याच्या मानेजवळची लहानशी डबी काढतो आणि निकाल सांगतो, ‘कंडेन्सर गेला!’ नवी डबी बसते, पंखा पूर्ववत फिरू लागतो आणि त्या डबीचा विचार आपण पुन्हा करीत नाही. आमच्या विज्ञान मंडळाने यंदा मात्र तो विचार करावयाचे ठरविले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यास वायरमन कंडेन्सर म्हणतो त्यास शास्त्रीय परिभाषेत धारित्र म्हणतात. त्याची सर्वांत साधी रचना म्हणजे धातूच्या दोन पट्टिका, एकमेकींस समांतर, आणि त्यांच्यामध्ये हवा किंवा दुसरा एखादा विद्युत्-रोधक पदार्थ. एका पट्टिकेवर धन प्रभार व दुसरीवर तितकाच ऋण प्रभार साठतो. दोहोंमध्ये एक व्होल्ट विभवांतर निर्माण होण्यासाठी किती प्रभार द्यावा लागतो, ते माप म्हणजे त्या धारित्राची धारिता. धारितेचे एकक फॅरड हे मायकेल फॅरडे याच्या नावावरून आले आहे. हे एकक फारच मोठे असल्यामुळे व्यवहारात मायक्रोफॅरड, म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग, आणि पिकोफॅरड, म्हणजे मायक्रोफॅरडचाही दहा लाखावा भाग, ही एकके वापरतात.

वरच्या वर्गांच्या पुस्तकात धारितेचे सूत्र दिलेले असते. पट्टिकेचे क्षेत्रफळ घ्यावे, त्यास दोन पट्टिकांतील अंतराने भागावे आणि ८.८५४ ने गुणावे. मापे मीटरमध्ये घेतली असता उत्तर पिकोफॅरडमध्ये येते. मध्ये हवा असेल तर एवढे पुरेसे आहे. दुसरा पदार्थ असल्यास त्याच्या पराविद्युत्-स्थिरांकानेही गुणावे लागते. सूत्र इतके सोपे आहे की ते एकदा वाचले म्हणजे विसरत नाही. परंतु सोप्या सूत्रामागे बहुधा एखादे गृहीत दडलेले असते, आणि या सूत्रामागेही ते आहे.

प्रथम त्या सूत्राने पंख्याच्या डबीचाच हिशेब केला. छताच्या पंख्यास सामान्यतः २.५ मायक्रोफॅरडचे, म्हणजे २५ लाख पिकोफॅरडचे धारित्र लागते. एक सेंटिमीटर अंतरावरच्या पट्टिका व मध्ये हवा, अशा रीतीने ते तयार करावयाचे म्हटले तर प्रत्येक पट्टिकेचे क्षेत्रफळ सुमारे २,८२० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २८ गुंठे भरते! एका पंख्यासाठी पाऊण एकराच्या आसपास पत्रा अंथरावा लागेल, हे ऐकून वर्गात हशा पिकला. प्रत्यक्ष डबीत प्लास्टिकच्या अत्यंत पातळ पट्टीवर धातूचा मुलामा देऊन तिची गुंडाळी केलेली असते. अंतर अतिशय कमी केल्यामुळे २८ गुंठ्यांचे काम मुठीत मावते.

यानंतर आम्ही प्रयोगास लागलो. पत्र्याच्या कारागिराकडून २० सेंटिमीटर व्यासाच्या दोन सपाट गोल चकत्या कापून घेतल्या. मध्ये अंतर राखण्यासाठी थर्मोकोलचे तीन चिमुकले तुकडे ठेवले. थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असल्याने त्याचा परिणाम नगण्य धरता येतो. खालची चकती टेबलावर न ठेवता थर्मोकोलच्या ठोकळ्यावर ठेवली. धारिता मोजण्याची सोय असलेला मीटर सरांनी आणून दिला. प्रथम मोकळ्या तारांचे वाचन घ्यावयाचे, मग चकत्या जोडून वाचन घ्यावयाचे, आणि पहिले दुसऱ्यातून वजा करावयाचे, अशी पद्धत ठरली.

चकतीचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. अंतर एक सेंटिमीटर असता सूत्राप्रमाणे धारिता २७.८ पिकोफॅरड यावयास हवी होती. मीटरने ३३ दाखविले. पुन्हा मोजले, पुन्हा ३३. अंतर अर्धा सेंटिमीटर केले. सूत्र ५५.६ म्हणत होते, मीटर ६२. अंतर दोन सेंटिमीटर केले. सूत्र १३.९, मीटर १९.

येथे आमच्यात मतभेद झाला, आणि तो लपवावा असे आम्हांस वाटत नाही. प्रयोगवहीत काय लिहावे? काहींचे म्हणणे पडले की पुस्तकात २८ येते, तेव्हा २८ लिहावे. फार तर २९ लिहावे म्हणजे खरे वाटेल. आपल्या हातून काहीतरी चुकले असणार, पुस्तक चुकणार नाही, ही भावना त्यामागे होती. खरे सांगावयाचे तर आमच्यापैकी एकाने पेन्सिलीने २८ लिहूनही टाकले होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, तिन्ही वेळा फरक एकाच बाजूचा आहे, मीटर तिन्ही वेळा अधिकच दाखवितो आहे. तेव्हा हा हाताचा दोष नसून त्यामागे काही कारण असावे. यावर पहिल्या पक्षाने मोठा नेमका आक्षेप घेतला. तिन्ही वेळचा फरक पाच-सहा पिकोफॅरडच आहे, जवळजवळ सारखाच आहे. मग तो चकत्यांचा नसून तारांचा व मीटरचाच कशावरून नसेल? प्रत्येक मापात तेवढीच भर पडत असेल. या आक्षेपास आमच्याकडे उत्तर नव्हते. सरांनी दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले आणि एवढेच सांगितले की, जे दिसले ते शाईने लिहा आणि कारण शोधा.

ते कारण सूत्राच्या गृहीतात होते. सूत्र असे धरून चालते की बलरेषा एका पट्टिकेपासून निघून सरळ, समांतर व सारख्या अंतराने दुसरीवर जातात आणि पट्टिकेची कड येताच एकाएकी थांबतात. निसर्गात असे एकाएकी काही थांबत नाही. कडेजवळच्या रेषा बाहेर फुगतात, वळसा घेऊन पलीकडे जातात. काही तर एका पट्टिकेच्या पाठीवरून निघून दुसरीच्या पाठीवर पोहोचतात. या वाकड्या रेषांच्या टोकांशीही प्रभार असतो. सूत्र तो मोजत नाही, मीटर मोजतो. पट्टिका रुंद व अंतर फार थोडे असेल तर हा कडेचा प्रभार एकंदरीत क्षुल्लक ठरतो आणि सूत्र खरे ठरते. आमच्या चकत्यांत अंतर त्या मानाने मोठे होते.

पण कडेचा प्रभार किती? येथेच सदृशीकरणाची गरज पडते. एखाद्या घटनेची आकड्यांत प्रतिकृती उभी करावयाची आणि तिच्याकडून उत्तर काढून घ्यावयाचे, यास सदृशीकरण म्हणतात. हे काम मोठमोठ्या संगणकांवर चालते, म्हणून ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. त्याचा गाभा चौकटीच्या वहीत पेन्सिलीने मांडता येतो.

त्यामागील नियम एकच आहे. जेथे प्रभार नाही अशा मोकळ्या जागेतील कोणत्याही बिंदूचा विभव हा त्याच्या शेजारच्या बिंदूंच्या विभवांच्या सरासरीइतका असतो. चौघांनी ताणून धरलेली चादर डोळ्यांपुढे आणावी. मध्ये कोणी बोट खुपसले नाही तर तिच्यावर आपोआप उंचवटा येत नाही की खळगा पडत नाही. प्रत्येक ठिकाण आजूबाजूच्या उंचीशी जुळवून घेते. विभवाचेही तसेच आहे. चौकटीच्या कागदावर हे चार शेजारी म्हणजे वरचा, खालचा, डावा व उजवा. चौकटी जितक्या बारीक तितका हा नियम अचूक.

आता एक लहानसा नमुना पाहू. गणित सोपे राहावे म्हणून गोल चकत्यांऐवजी लांबच लांब दोन पट्ट्या घेऊ आणि त्यांचा आडवा छेद कागदावर काढू. वरच्या पट्टीचा विभव १०० व खालचीचा उणे १०० धरला तर दोहोंच्या बरोबर मध्यावरील रेषेचा विभव शून्य होतो. म्हणून फक्त वरचा अर्धा भाग घेतला तरी चालते. पट्टीची डावी बाजू उजवीसारखीच, म्हणून त्यातलाही उजवा अर्धाच पुरे. सभोवार पत्र्याची पेटी आहे आणि तिचा विभव शून्य आहे असे समजू. मग कागदावर एवढेच उरते :

०      ०      ०      ०      ०
ख     ग      घ      च      ०
१००  १००  १००  क      ०
०      ०      ०      ०      ०

सर्वांत खालची ओळ म्हणजे मधली शून्य रेषा. १०० चे तीन बिंदू म्हणजे पट्टीचा उजवा अर्धा भाग. डावीकडील पहिला स्तंभ हा पट्टीचा मध्य. सर्वांत वरची ओळ व उजवा स्तंभ ही पेटी. क, ख, ग, घ, च हे पाच आकडे अज्ञात आहेत. प्रारंभी पाचही शून्य धरावेत आणि एकेकाच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी लिहीत जावे. ‘क’ चे शेजारी १००, ०, ० आणि च; तेव्हा क = २५. ‘ख’ मध्यावर असल्याने त्याच्या डावीकडेही ग च आहे असे समजावे. म्हणून १००, ०, ग, ग यांची सरासरी, म्हणजे २५. याप्रमाणे ग ३१.३, घ ३२.८ व च १४.५ येतात. ही पहिली फेरी झाली. आता नवे आकडे घेऊन पुन्हा तेच करावे. दुसऱ्या फेरीत क २८.६, ख ४०.६, ग ४३.४, घ ३९.५, च १७.० येतात. तिसऱ्या फेरीत २९.३, ४६.७, ४६.५, ४०.९, १७.५. आणखी काही फेऱ्यांनंतर आकडे हलेनासे होतात आणि क २९.४, ख ४८.८, ग ४७.५, घ ४१.३, च १७.७ येथे थांबतात. प्रारंभी शून्याऐवजी दुसरे कोणतेही आकडे धरले तरी शेवट येथेच होतो. वाचकांनी हे अवश्य करून पाहावे. अर्धा तास पुरतो.

विभव मिळाले की प्रभार मोजणे सोपे आहे. पट्टीच्या प्रत्येक बिंदूपासून शेजारच्या मोकळ्या बिंदूपर्यंत विभव किती उतरतो ते पाहावे आणि या सर्व उतारांची बेरीज करावी. प्रभार त्या बेरजेच्या प्रमाणात असतो. डावा भागही धरल्यास पट्टीवर पाच बिंदू आहेत. आतील बाजूस प्रत्येकी १०० चा उतार, म्हणजे ५००. पाठीच्या बाजूस मध्याशी ५१.२, त्याच्या दोन्ही बाजूंस ५२.५ आणि टोकांशी ५८.७, मिळून सुमारे २७४. दोन्ही टोकांच्या बाहेर ७०.६ प्रमाणे १४१. एकूण ९१५. साधे सूत्र चार चौकटी रुंदीच्या पट्टीस फक्त ४०० देते. पाठ आणि टोके यांवर किती प्रभार आहे ते पाहून आम्ही चकित झालो.

मात्र ९१५ हे उत्तर खरे मानून नाचू लागणे हीही चूकच ठरली असती. आमच्या पहिल्या बेरजेत दोन दोष होते. एक, पत्र्याची पेटी फारच जवळ होती, आणि तिने पाठीवरच्या रेषा आपल्याकडे ओढून घेतल्या. दुसरा, चौकटी फार मोठ्या होत्या. चार चौकटींची रुंदी पाच बिंदूंनी मोजल्यामुळे आतल्या बाजूसच १०० अधिक धरले गेले. पेटी दूर नेली आणि चौकटी बारीक केल्या की या पट्टीचे उत्तर सहाशेहून थोडे अधिक, म्हणजे सूत्राच्या दीडपटीहून जास्त येते. सदृशीकरणावर आंधळा विश्वास ठेवू नये, हा धडा आम्हांस या पाच आकड्यांनीच शिकविला. संगणकाचे उत्तर कितीही दशांश स्थळांपर्यंत छापलेले असले तरी प्रथम दोन प्रश्न विचारावेत : भिंत किती दूर ठेवली होती? आणि चौकटी किती बारीक होत्या?

चकत्यांसाठी हेच काम सरांच्या लॅपटॉपवर केले. स्प्रेडशीटमधील प्रत्येक चौकटीस शेजाऱ्यांच्या सरासरीचे सूत्र दिले आणि फेऱ्या मारण्याचे काम यंत्रावर सोपविले. चकती गोल असल्याने मध्यापासून दूरच्या शेजाऱ्यास जवळच्याहून किंचित अधिक वजन द्यावे लागते. एवढाच काय तो फरक. चौकटी जसजशा लहान केल्या तसतसे उत्तर खाली उतरत ३२ आणि ३३ यांच्या दरम्यान स्थिरावले.

हे उत्तर पडताळण्यासाठी एक जुना आधार मिळाला. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव किरचॉफ याने १८७७ साली गोल चकत्यांच्या धारित्रासाठी कडेचा हिशेब धरणारे सूत्र काढले होते. त्या सूत्राने आमच्या चकत्यांची धारिता अर्ध्या सेंटिमीटरला ६०.९, एक सेंटिमीटरला ३२.४ आणि दोन सेंटिमीटरला १७.९ पिकोफॅरड येते. म्हणजे कडेची भर अनुक्रमे ५.३, ४.६ व ४.० आहे. येथे पहिल्या पक्षाच्या आक्षेपास उत्तर मिळाले. कडेची भर स्वतःच अशी आहे की अंतर चौपट झाले तरी ती फारशी बदलत नाही. मीटरच्या वाचनात तिच्यावर आणखी सुमारे एक पिकोफॅरड उरतो. तो तारांचा व मीटरचा समजावा. तेव्हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नव्हता. तो एक पिकोफॅरडपुरता बरोबर होता. पेन्सिलीने लिहिलेला २८ चा आकडा आम्ही खोडला नाही. त्याच्यापुढे शाईने ३३ लिहिले आणि कारण लिहिले.

सरासरीच्या या पद्धतीस केवढा इतिहास आहे! इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन याने दगडी धरणातील ताण याच प्रकारच्या आकडेमोडीने काढले आणि तो निबंध १९११ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी संगणक नव्हते. आकडेमोडीसाठी त्याने मुले नेमली होती आणि त्यांना कामाप्रमाणे पैसे दिले जात. त्यांतील चलाख मुलगा आठवड्यास सुमारे दोन हजार आकडेमोडी उरकत असे, आणि चुकलेल्या आकडेमोडी त्यात धरल्या जात नसत! पुढे हे काम यंत्रांकडे गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. यंत्रे कितीही वेगवान झाली तरी त्यांपैकी कित्येक गणितांच्या मुळाशी शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा तोच नियम आहे, जो आम्ही वहीत पाच आकड्यांवर चालविला.

कोणी विचारील की, पाच पिकोफॅरडसाठी एवढा खटाटोप कशास? त्याचे उत्तर आमच्या खिशात आणि आमच्या शेतात आहे. मोबाइलच्या काचेखाली अतिसूक्ष्म तारांची जाळी असते आणि तारांमधील बलरेषा काचेबाहेर फुगलेल्या असतात. बोट जवळ येताच त्या रेषा बिघडतात, धारिता किंचित बदलते आणि बोट कोठे टेकले ते यंत्रास कळते. रेषा कडेवरून बाहेर पडल्याच नसत्या तर बोटाचा पत्ता लागला नसता. मातीतील ओल मोजण्याची स्वस्त सळई मिळते, तिचेही तसेच. तिच्या पट्टीवर तांब्याच्या दोन रेघा शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामधील बलरेषा भोवतालच्या मातीतून जातात. कोरड्या मातीचा पराविद्युत्-स्थिरांक तीन ते पाचच्या आसपास, पाण्याचा मात्र सुमारे ८०. त्यामुळे माती ओली होताच धारिता वाढते. येथे तर सारे काम कडेच्या रेषांचेच आहे. बिदर जिल्ह्यात कोठे काळी जमीन तर कोठे जांभ्याची तांबडी. दोन्ही मातींत एकच सळई निरनिराळे आकडे दाखविते, म्हणून प्रत्येक जमिनीसाठी तिचे वाचन आधी जुळवून घ्यावे लागते. पावसाच्या भरवशावर तूर आणि ज्वारी पिकविणाऱ्या गावास हे ज्ञान निरुपयोगी आहे असे कोण म्हणेल?

पुस्तकातील सूत्र खोटे नाही. त्याने आपली मर्यादा मानून कड सोडून दिली आहे, एवढेच. ती कड कोठे सोडावी व कोठे धरावी हे आपण ठरवावयाचे असते. आम्ही सीमेवरच्या गावात राहणारी मुले. कडेला जे घडते ते हिशेबाबाहेर टाकू नये, हे आम्हांस अधिक सांगावयास नकोच.

एक काम मात्र अपुरे राहिले आहे. आमच्या दोन्ही चकत्या, थर्मोकोलचे तुकडे व प्रयोगवही विज्ञानाच्या कपाटात ठेवली आहेत. चकत्यांमध्ये काचेचा तुकडा ठेवून धारिता किती वाढते, आणि कडेची भर त्याच प्रमाणात वाढते की नाही, हे पाहावयाचे आहे. येत्या वर्षीच्या मंडळाने ते करावे. जो आकडा दिसेल तो शाईने लिहावा, एवढीच विनंती.